अर्धा कप

"आज पूर्ण भर ना कप, ताई," छकुली म्हणाली आणि ताईच्या हातातली किटली जागच्या जागी थांबली.

या घरात चहा अर्धा कपच मिळायचा. वडिलांचे हात थरथरायला लागले, गरम चहा अंगावर सांडायला लागला, तेव्हा आईनं सगळ्यांचेच कप अर्धे भरायला सुरुवात केली... त्यांना एकट्याला वाईट वाटू नये म्हणून! पुढे त्यांची मान गेली, मग जीभ, मग माणसांची ओळख. खालच्या दुकानात घड्याळांच्या केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यानं बसवणारे ते हात शेवटी पलंगाला बांधून ठेवावे लागले. वडील गेले, त्यांच्यामागून आई गेली. अर्धे कप तेवढे राहिले.

"हे रक्तातून उतरतं," डॉक्टर म्हणाले होते. कुणात उतरणार, ते मात्र घरानंच ठरवून टाकलं. ताई हुबेहूब वडिलांवर गेलेली, तेच नाक, तीच चाल, शिंकसुद्धा तीच. आणि तिची धाकटी बहीण छकुली म्हणजे आईची प्रतिकृती. नाकाबरोबर दुखणंही येतं, असं त्या घराचं शास्त्र! त्यावर कुणी शंका घेतली नाही, ताईनंही नाही.

तिचं लग्न ठरलं होतं. तो चित्रकलेचा मास्तर; चांगलं चालणारं घड्याळही दुरुस्तीला घेऊन यायचा. त्याला तिनं दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवलं. "जाणूनबुजून असा जीव जन्माला घालणं पाप आहे," एवढंच म्हणाली, आणि शटर ओढून आतल्या अंधारात पोटभर रडली. मग वडिलांचं केलं, आईचं केलं, दुकान सांभाळलं, छकुलीचं थाटात लग्न लावून दिलं.

वडिलांना ज्या वयात हे दुखणं लागलं ते वय आलं आणि गेलं. केस पांढरे झाले, तरी ताईच्या चिमट्यातली स्प्रिंग हलली नाही. तेव्हा कुठे तिला उमगलं, की तिची मुलं अगदी धडधाकट निपजली असती! पण जन्मालाच न आलेल्या मुलांसाठी रडायचं तरी कसं? त्यांना ना नाव, ना चेहरा... तिनं एकदाच हे दुःख छकुलीपाशी बोलून दाखवलं, तर ती फटकन म्हणाली होती, "तुला कुणी बांधून ठेवलं होतं? भीतीला त्याग म्हणू नकोस." तेव्हापासून दोघींचं येणं-जाणं बंद.

आणि आज ती स्वतःहून दारात उभी होती, चौथा महिना घेऊन. ताईचा राग उंबऱ्यातच विरघळला. आनंदाच्या भरात तिनं कप काठोकाठ भरला.

छकुलीनं तो उचलला. बशी खडखडली. चहा काठावरून ओघळला, बोटांवरून टेबलावर पसरत गेला.

"तोंडानं सांगायला जमलं नसतं," छकुली म्हणाली, "म्हणून कप मागितला."

ताईनं किटली खाली ठेवली. ज्या बहिणीला सुरक्षित समजून तिनं संसारात धाडलं, तिच्याच हातात वडील परत आले होते!

"तपासलंस?"

"हो. तेच आहे. पोटातल्याचं तपासायची हिंमत नाही झाली. हे तर माझ्या हातांकडे बघतच नाहीत आता." तिनं हात मांडीखाली दाबले. "अजून वेळ आहे म्हणतात डॉक्टर. तू सांगशील तसं करते. तूच म्हणाली होतीस ना, पाप आहे म्हणून?"

हो म्हणणं ताईला सोपं होतं. सारं आयुष्य तिनं त्याच शब्दावर घालवलं होतं.

"मी पोटात होते तेव्हा बाबांच्या हातून घड्याळं पडायला लागली होती," छकुली म्हणाली. "आईला कळलं होतं, ताई. तरी तिनं मला येऊ दिलं. चुकलं का तिचं?"

"नाही गं... तू नसावीस असं मला एकदाही वाटलं नाही. हे दुखणं तेवढं नसावं."

"दोन्ही वेगळं करता येत नाही ना."

मग ताईनं तिचे ते हात मांडीखालून ओढून काढले आणि आपल्या हातांत घट्ट धरले. धरल्यावरही ते थांबले नाहीत.

"येऊ दे त्याला," ती म्हणाली. "तू इथंच राहा. त्याचं मी बघेन... आणि तुझंही."

"मी तुला नको ते बोलले होते."

"खरंच होतं ते. भीतीच होती. पण त्या भीतीत माया होती माझी, माझ्या मुलांसाठी. जी नव्हतीच, त्यांच्यासाठी."

छकुली तिच्या कुशीत शिरून लहानपणीसारखी हमसून हमसून रडली. ताईनं कप तिच्या ओठांना लावला, आई वडिलांना लावायची तसा. दोन घोट घेऊन छकुलीनं मान बाजूला केली.

"माझा कप तू धरशील," ती हळूच म्हणाली. "पण त्याला झालं तर... तोवर मी नसेन. तूही नसशील, ताई. त्याचा कोण धरेल?"

ताईनं ऐकलं नाही असं दाखवलं. तिनं टेबल पुसलं, बशी पुसली आणि उरलेला चहा दोघींत अर्धा-अर्धा वाटला. एक थेंबही सांडला नाही. आपल्या त्या स्थिर हातांची तिला आयुष्यात पहिल्यांदाच लाज वाटली.