चंद्राला चढलेले दोन रंग

"शी! शी! शी! हे काय लागलं माझ्या भुवईला?"

भिंगरीने दुर्बिणीपासून तोंड मागे घेतलं आणि बोटाने भुवई चाचपली. बोट चिकट! वासही आला, पुदिन्याचा आणि त्याखाली दडलेल्या कुणाच्या तरी थुंकीचा.

"ताई, रांग अडवू नकोस," मागून तिचा धाकटा भाऊ बोका म्हणाला. "चंद्र दिसला का?"

"दिसला. पण चंद्र नाही वाटत, सडलेलं संत्रं वाटतंय! डोकं गरगरायला लागलं."

हीच तर तक्रार होती! विज्ञान केंद्राच्या गच्चीवरची ही दुर्बीण मामाच्या ताब्यात होती. एरवी दुर्बिणीत एकच डोळा लावावा लागतो. पण मामाने दोन वर्षं खपून तिला बायनोव्ह्यूअर बसवला होता. आत येणारा प्रकाश तो दोन वाटांनी फोडतो, प्रत्येक वाटेच्या टोकाला एक आयपीस, डोळा लावायचं भिंग, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघता येतं. पोरं त्याला जोडचष्मा म्हणत. मामा तापाने आठ दिवस घरी पडला काय, आणि येणारा जाणारा डोकं धरून बसायला लागला काय! व्यवस्थापकांनी सगळं खापर मामावर फोडलं. "भिंगं वाकडी बसवलीत तुम्ही! संचालक मॅडम पाच वाजता येतायत. जोडचष्मा भंगारात आणि तुम्ही खालच्या तिकीट खिडकीत!" मामाला त्यांनी दुर्बिणीला हातही लावू दिला नव्हता. बिचारा कोपऱ्यात हात बांधून उभा होता.

हे व्यवस्थापक दिवसभर गम चघळत. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं चघळराव.

"बाबांनी वाकडं बसवलं? शक्यच नाही!" मामाची मुलगी फणकारली. ती कुणाशीही वाद घालायची, म्हणून ती वकीलबाई. "पुरावा शोधू या!"

तेवढ्यात चघळरावांचा फोन वाजला. ते चपचप करत जिन्याकडे गेले. भिंगरी पुन्हा दुर्बिणीला भिडली. या खेपेला तिने आधी रुमालाने रबरी कडा पुसली. रुमालावर काळपट तेलकट डाग उठला. ईऽऽ! किती जणांच्या घामाचा कोण जाणे!

तिने उजवा डोळा मिटला. चंद्र नारिंगी. मग डावा मिटला. चंद्र हिरवागार!

"मामा, दोन डोळ्यांना दोन रंग असतात का रे?"

"छे गं!" मामा चमकून पुढे आला. "दिवसा चंद्र बघताना मी नारिंगी फिल्टर लावतो. निळं आभाळ काळवंडतं आणि चंद्र उठून दिसतो. पण दोन्ही आयपीसला अगदी जुळी जोडी हवी. एका डोळ्याला एक आणि दुसऱ्याला भलतंच दिलं, तर मेंदूने करायचं काय?"

"डोकं धरायचं!" बोका म्हणाला.

भिंगरीने दोन्ही आयपीसची अदलाबदल केली. हिरवा चंद्र उजवीकडून टुणकन डावीकडे गेला! मग तिने दोन्ही फिल्टर काढून पाहिलं. फिकट, पण एकच एक, नीट चंद्र!

"जोडचष्मा सरळच आहे!" ती ओरडली. "कुणीतरी एक फिल्टर बदललाय! मग दुसरा नारिंगी गेला कुठे?"

तिघं कामाला लागली. फिल्टरच्या डबीत बिस्किटाचा चुरा. कपाटात वाळलेला, नाक शिंकरून ठेवलेला रुमाल. वकीलबाईने तो पट्टीच्या टोकाने उचलला आणि तिला उमासाच आला. पण फिल्टरचा पत्ता नाही.

बोका दमून चघळरावांच्या टेबलाला टेकला आणि एकदम म्हणाला, "अरेच्चा! हे टेबल तर कायम डुगडुगायचं. आज कसं गप्प?"

भिंगरी खाली वाकली. आखूड पायाखाली काहीतरी गोल, चपटं सरकवलेलं होतं. भोवती हिरवट लगदा, त्यावर दातांचे ठसे आणि मधोमध अडकलेली एक मेलेली माशी! तिला अशी शिसारी आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ती हात लावणार, इतक्यात वकीलबाईने तिचा दंड धरला.

"थांब! आपण काढलं तर म्हणतील, पोरांनीच ठेवलं. मॅडमसमोर निघू दे!"

पाचच्या ठोक्याला संचालकबाई आल्या. मागून चघळराव, तोंड चालूच.

"मॅडम, इथे ऊन येतंय," वकीलबाई साखरेसारखं गोड बोलली. "टेबल सावलीत घेऊ?"

"टेबलाला हात लावायचा नाही!" चघळराव किंचाळले.

पण बोक्याने टेबलाची बाजू केव्हाच उचलली होती. फरशीपासून पायापर्यंत गमची लांबच लांब तार ताणली गेली आणि तिच्या टोकाला लोंबत होता नारिंगी काचेचा फिल्टर!

"शी!" संचालकबाईंनी पदराने नाक दाबलं. "हे काय आहे?"

"अहो, तो तसाही ओरखडलेलाच होता!" चघळराव घाईघाईने बोलून गेले.



"पायाखालची काच ओरखडलेली होती, हे तुम्हाला कसं ठाऊक, काका?" वकीलबाईने विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. चघळरावांनी फिल्टर थुंकी लावून कपाटातल्या त्या रुमालाने घासला होता! काचेवर ओरखडे उठले, म्हणून त्याच मापाचा हिरवा ठोकून दिला. वर मामालाच दोषी धरलं. भिंगरीला त्या लगद्याची आली नव्हती एवढी किळस आता या माणसाची आली.

"पण आता जोडी फुटली," संचालकबाई हळहळल्या. "बघायचं कसं?"

भिंगरीने जोडचष्म्याकडे पाहिलं. प्रकाश आत जातो एकाच तोंडाने, फुटतो नंतर... "मामा! उरलेला एकच फिल्टर पुढच्या तोंडाला बसवला तर? दोन्ही वाटांना आपोआप एकच रंग!"

मामाने तिच्या पाठीत प्रेमाचा धपाटा घातला. "शाबास! माझ्याआधी सुचलं की गं तुला!"

फिल्टर फिरवून बसवला. आयपीस कापसाने स्वच्छ झाले. संचालकबाईंनी दोन्ही डोळे लावले आणि बराच वेळ हलल्याच नाहीत.

"अगं बाई! खड्डे हाताला लागतील असं वाटतंय! पोरांनो, कमाल केलीत. मामा, दुर्बीण तुमचीच. आणि साहेब, उद्यापासून तिकीट खिडकीत तुम्ही. गम घरी ठेवून या!"

चघळरावांनी खिशातून दुर्बिणीच्या खोलीची किल्ली काढली आणि न बघता पुढे केली. किल्ली चिकट होती, वर बिस्किटाचा चुराही डकलेला होता. बोक्याने तोंड फिरवलं.

भिंगरीने मात्र ती उघड्या हाताने घेतली, मामाच्या तळव्यावर ठेवली आणि दिवसभरात पहिल्यांदाच शी म्हणाली नाही.