गुरुवारची दहावी परात

एक्रेदो गावात कोंबडे केव्हाही आरवतात. चाळीस वर्षं झाली, पहाट कुठली ते त्यांना कळलेलं नाही.

*

छपराचा नवा पत्रा चार पावसाळे टिकतो. पाचव्याला त्यातून आभाळ दिसतं. मग बायका तो उतरवतात, कातरतात, कडा ठोकून वळवतात. त्याची परात होते.

*

मिताइरेची खूण वेटोळं. एदिरिनची मासा. अवेरोची तीन तिरप्या रेघा, उजवीकडे कललेल्या.

*

डाव्या हाताने कुणाला काही देऊ नये, घेऊ नये. एदिरिन पाच वर्षांची होती तेव्हा तिच्या आईने तिचा डावा हात सात महिने फडक्याने कमरेशी बांधून ठेवला होता. फडकं सोडल्यावर तिने पहिली वस्तू उचलली ती डाव्यानेच.

*

सहा वर्षांची तेगा नाक शिंकरते तेव्हा फडक्यावर काळं येतं. सगळ्याच पोरांचं येतं, म्हणून कुणी बघत नाही.

*

एक कागद. खाली एक रिकामा चौकोन, अंगठ्याएवढा.

*

गावाच्या टोकाला कंपनीचा नळ जमिनीतून वर येऊन आडवा झाला आहे. तेल काढताना निघणारा वायू त्याच्या तोंडाशी जळतो, रात्रंदिवस, घरघर करत. आगीभोवती मातीचा पुरुषभर उंच बांध आहे. तो कंपनीने घातला, पण वापर बायकांचा. किसून, पोत्यात भरून, दगडाखाली पिळलेला कसाव्याचा कंद परातीत पसरायचा आणि परात बांधावर ठेवायची. उन्हात चार दिवस लागतात, इथे एक. त्याचे पांढरे कडक तुकडे वारी शहराच्या बाजारात हातोहात खपतात. पराती एकमेकींत मिसळू नयेत म्हणून ओल्या लगद्यात बोटाने आपापली खूण ओढायची. प्रत्येकीचा वार ठरलेला. सोमवार मिताइरेचा, शनिवार एदिरिनचा, गुरुवार अवेरोचा.

एदिरिन आता नव्हती. मागच्या जानेवारीत, कोरडा वारा सुटला असताना, त्याने मध्येच दिशा बदलली आणि आग बांधावरून ओणवी झाली. पुरायला फारसं काही मिळालं नाही. तेव्हापासून गावाने अवेरोला ‘एदिरिनची आई’ म्हणणं सोडलं. तीस वर्षं तिला त्याच नावाने हाका मारल्या होत्या. आता लोक म्हणायचे, ‘तेगाची आजी’. सगळ्यांनी एकाच दिवशी, काही न ठरवता.

वर्ष उलटून गेल्यावरचा एक गुरुवार. अवेरोने सकाळी नऊ पराती मांडल्या. दुपारी लगदा परतायला आली तर दहा होत्या.

“मिताइरे, ही तुझी का गं?”

मिताइरे एका झुडपाच्या सावलीत बसून कसावा सोलत होती. ती आली, वाकून बघितलं. “तीन रेघा. तुझीच की. नऊ ठेवल्या होत्यास? मग एखादीला पिल्लू झालं असेल.”

“मी मोजून ठेवल्या.”

“मागच्या महिन्यात चर्चमध्ये चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत होतीस. मोजलं म्हणे!”

अवेरोही हसली. दहावी परात तिने इतरांबरोबर घरी नेली. संध्याकाळी तेगाने त्यातला एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, “आजी, आज मीठ घातलंस?”

अवेरो मीठ घालत नसे. मीठ एदिरिन घालायची, चिमूटभर, चोरून. त्यावरून दोघींचं वाजायचं.

पुढच्या गुरुवारी पुन्हा दहा. त्याच्या पुढच्या गुरुवारी अवेरो बांधावरून हललीच नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत परातींकडे बघत बसली. धुराचा एक लोट अंगावर आला, तिने चेहरा पदरात घातला, बाहेर काढला. दहावी परात तिथे होती. लगदा ओला, नुकता पसरलेला. त्यातून ओढलेल्या रेघा तीनच होत्या, पण डावीकडे कललेल्या. डाव्या हाताने ओढल्यावर कलतात तशा.

तिने कुणाला सांगितलं नाही. एवढंच झालं की आठवड्याचे सहा दिवस तिला कसेबसे ढकलावे लागू लागले.

परात दर वेळी थोडी खाली येत होती. आधी बांधाच्या माथ्यावर, मग आतल्या उतारावर. तिथे आगीकडे तोंड करून उभं राहिलं तर भुवया करपतात. पाचव्या गुरुवारी अवेरोने लांब दांड्याच्या कुदळीने ती ओढून वर घेतली. कुदळीचा दांडा काळा पडला. परातीतला लगदा थंडगार होता.

ओचुको आला तो त्याच आठवड्यात. तो गावचाच, कंपनी आणि गाव यांच्यात निरोप्याचं काम करणारा, इस्त्रीचा शर्ट घालणारा. रिवाजाप्रमाणे त्याने एक गुडघा टेकला. ‘ऊठ बाळा’ म्हणायला अवेरोने इतका वेळ लावला की त्याची पँट मातीने भरली.

“आई, कागदाचं काय झालं? सगळ्यांच्या सह्या झाल्या. बांध बायकांचा, म्हणून बायकांच्या सभेच्या मुख्य बाईचा, म्हणजे तुझा, अंगठा हवा. तेवढाच राहिलाय.”

“बघते.”

“काय बघायचं? आग विझणार. वायू नळातून थेट त्या नव्या कारखान्यात जाणार, प्लास्टिक करायला. हेच मागत होतो ना आपण? पाच वर्षांपूर्वी तूच कंपनीच्या फाटकासमोर आडवी झोपली होतीस. मी तुझ्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो.”

“छत्रीला भोक होतं.”

“आई, थट्टा नको. कंपनीचा साहेब विचारतोय, म्हातारीला कुणी फितवलंय का?”

“साहेबाला सांग, म्हातारी विचार करते आहे. साहेबाने कधी करून बघितला नसेल.”

तो गेला, पण गावभर बोभाटा झाला. विहिरीवर बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. कुणी तरी मुद्दाम मोठ्याने म्हणालं, “स्वतःची लेक आगीने खाल्ली तरी हिला आग हवीच!” अवेरो बादली भरून निघाली. घरी पोचेपर्यंत बादली अर्धी झाली होती.

त्या दुपारी तिने मिताइरेला सांगितलं. सगळं. मिताइरे हसली नाही. पुढच्या गुरुवारी तिच्याबरोबर बांधावर येऊन बसली. वारा आला, दोघींनी डोळे मिटले, उघडले. परात आतल्या उताराच्या पार तळाशी होती.

मिताइरेने छातीवर क्रूस काढला. मग डोळ्यांवर हात आडवा धरून त्या रेघा बघितल्या.

“हात तिचाच आहे,” ती म्हणाली. “पण तिची खूण मासा ना? तुझी खूण तिने का काढावी…”

आणि मध्येच थांबली. तिने अवेरोकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. त्या खुणेबद्दल दोघी नंतर कधी बोलल्या नाहीत.

“अंगठा देऊ नको असं मी म्हणणार नाही,” निघताना मिताइरे म्हणाली. “दे असंही म्हणणार नाही. माझी लेक जिवंत आहे. मला बोलायचा अधिकार नाही.”

तेगाचा खोकला मार्चमध्ये वाढला. दवाखान्यातल्या नर्सबाईने तिच्या पाठीला कान लावला, मग अवेरोला बाहेर नेलं.

“हिला इथून न्या, मावशी. नाहीतर ती आग न्या.”

“कुणाकडे नेणार? बाहेर कुणी नाही आमचं.”

“मग दुसरं.”

रस्त्यात तेगा तिच्या पाठीवर होती, कापडाने बांधलेली. सहा वर्षांची पोर पाठीवर जड व्हायला हवी होती. तिचा श्वास अवेरोच्या मानेवर यायचा, अडकायचा, पुन्हा यायचा. घरी न जाता अवेरो तशीच ओचुकोच्या दारात गेली. तो गुडघा टेकायला लागला.

“राहू दे. शाई आण.”

चौकोनात अंगठा उमटला. ओचुकोने तिला पुसायला कागद दिला. ती तो हातात धरून उभी राहिली, अंगठा तसाच निळा.

“शुक्रवारी विझवतील,” तो म्हणाला.

आगीचा शेवटचा गुरुवार.

अवेरोने एकच परात नेली. बांधावर बसून लगदा पसरला, त्यात चिमूटभर मीठ घातलं. मग डावा हात पुढे केला आणि त्या न सरावलेल्या बोटाने मासा काढला. मासा वाकडा आला. डोळा काढायला तीनदा प्रयत्न करावा लागला.

“एदिरिन,” ती म्हणाली. “हे तुझं. डाव्या हातानेच दिलंय.”

कुदळीने तिने ती परात आत ढकलली. दांडा संपला तिथपर्यंत.

वारा आला. तिने डोळे मिटले नाहीत.

तरीही ती परात कधी गेली, ते तिला कळलं नाही.

शुक्रवारी आग विझली. आधी घरघर थांबली. मग लोकांना एकमेकांचे आवाज फार मोठे वाटू लागले, आणि सगळे कुजबुजत बोलू लागले. गाव नाचायचं ठरवून जमलं होतं, पण कुणी नाचलं नाही. त्या संध्याकाळी कितीतरी वर्षांनी खरा अंधार पडला आणि लहान पोरं रडली.

पुढच्या गुरुवारी अवेरो बांध ओलांडून आत उतरली. तिच्याआधी कुणी उतरलं नव्हतं. पायाखालची माती भाजून काचेसारखी झाली होती आणि तिच्यावर कुणाच्याच पावलाची खूण नव्हती.

नळाच्या थंड तोंडाशी एक परात होती.

लगदा ओला.

रेघा तीन, डावीकडे कललेल्या.

ती परात अवेरोने उन्हात ठेवली. तीन दिवस ठेवली, सात दिवस ठेवली. लगदा वाळला नाही, आंबलाही नाही. पुढच्या गुरुवारी दुसरी आली. आता घरामागे अकरा आहेत, सगळ्या ओल्या. तेगाचा खोकला थांबला आहे. ती त्यांच्या मधून उड्या मारत खेळते आणि एकीलाही तिचा धक्का लागत नाही.

एदिरिन भाजली तो गुरुवार होता. त्या सकाळी अवेरोचा गुडघा दुखत होता, म्हणून तिने आपल्या पराती घेऊन लेकीला पाठवलं होतं.