आखूड पंखाचा मासा

कोळशाच्या ट्रकमागून उठलेला धुरळा चुकवायला अर्पिता समोर दिसलं त्या दुकानात शिरली. आत कपिल काचेच्या टाकीतून बोटाएवढा एक मासा जाळीनं बाजूला काढत होता... पिवळं डोकं, अंगावर निळे ठिपके.

"त्याले काहून वेगळं काढून राह्यले?"

कपिलनं वर पाहिलं. ओढणीनं नाक झाकलेलं, डोळे मात्र हसरे.

"हा रॅम सिक्लिड. पोटाखालचा एक पंख लांब, एक आखूड. गिऱ्हाईक घेत नाही."

"मग मी घेते. वाढंन का तो पंख?"

वाढणार नव्हता. तुटलेला पंख पुन्हा येतो, जन्माचा आखूड तसाच राहतो, हे कपिलला पक्कं ठाऊक होतं. पण ती पुन्हा यावी असं वाटलं, आणि तो बोलून गेला, "वाढंन ना... पण फोटो आणून दाखवत जा."

"आणून? व्हॉट्सअ‍ॅप नाही का तुमच्याकडं?"

"त्यावर पंख नीट दिसत नाही."

ती खळखळून हसली. आणि येत राहिली. वणीतल्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये ती कामाला होती. सुटीत घाटंजीला घरी निघण्याआधी दुकानात डोकवायची. मोबाइलवर दोघांची डोकी जवळ यायची, तिच्या केसांचा ओला वास यायचा आणि मासा राहायचा बाजूलाच.

मग एका संध्याकाळी ती आली, फोटोशिवाय.

"चंद्रपूरच्या दुकानात विचारलं मी. असा पंख कधीच वाढत नाही म्हणे." आवाजात राग नव्हता, उलट ओठांवर हसू होतं. "मग खोटं काहून बोलले तुम्ही?"

शब्द कपिलच्या ओठांपर्यंत आले. पण गल्ल्यावर वडील होते, दोन गिऱ्हाईकं कान देऊन उभी होती. त्याचा धीर सुटला.

"धंद्यात... बोलावं लागते तसं."

"धंद्यात," ती हळूच म्हणाली. "बरं."

त्यानंतर ती आली नाही. कपिलनं बरीच वाट पाहिली, शेवटी लॅबमध्ये विचारलं. तिनं काम सोडलं होतं. उमरखेडला लग्न ठरलं होतं.

तिला गाठायला तो घाटंजीला गेला. तिथल्या बाजारात ती त्याला आईबरोबर दिसली. आईला पुढं धाडून ती थांबली.

"तू पुन्हा यावी म्हणून खोटं बोललो मी," कपिल एका दमात म्हणाला. "धंदा नव्हता तो. मले तू आवडतेस, अर्पिता."

तिचे डोळे भरून आले. "हेच ऐकायले आलती मी त्या दिवशी. तोवर तिकडं हो म्हटलं नव्हतं."

"आता नाही म्हणता येत नाही?"

"येते ना... पण चांगला माणूस आहे तो. मले जे विचारलं, ते त्यानं सगळ्यांसमोर विचारलं."

पुढून आईची हाक आली. डोळे पुसून ती गर्दीत शिरली, वळून न पाहता.

"बाजूले सरक ना, बाबू!" भाजीची टोपली घेतलेली एक बाई ओरडली, तेव्हा कुठं कपिलला कळलं, आपण अजून भर वाटेतच उभे आहोत.