बाबांचा तिसरा ठोका

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, मी पदरचं काहीही घातलेलं नाही. माझी मावसबहीण क्रांती हिच्याबाबतीत घडलं, तेच सांगतेय. आणि भुतं रात्रीच येतात असं कुणी सांगितलं? हे घडलं भर दुपारी दोन वाजता. गेल्या मंगळवारी, दिघीच्या खाडीकाठी.

तिथे त्यांचा होड्या बांधायचा घरचा कारखाना. क्रांती बोटींचं इंजिनीयरिंग शिकलेली. तिचे वडील दयारामकाका दोन वर्षांपूर्वी गेले.

काका प्रत्येक फळी लाकडी मोगरीने ठोकून बघत. चांगल्या फळीवर तीन ठोके. आत ओल लागली की दोनच... आणि मोगरी खाली. ती फळी सरळ चुलीत.

पण लेकीला त्यांनी नव्या होडीवर कधी चढू दिलं नाही. "पूजेआधी बाईचा पाय लागायचा नाय." म्हणजे आराखडा लेकीचा चालतो, पाय चालत नाही! तो राग तिच्या पोटात तसाच होता.

मंगळवारी ती आली, तर नव्या होडीला बाहेरून फायबरचा थर चढवून झालेला. तिला न विचारता.

"गण्या, मी फळ्या तपासायच्या होत्या!"

"तायडे, एक तारखेला मासेमारी चालू होतेय. ज्याची होडी तो सदा तांडेल रोज दारात येऊन बसतो. तू फक्त तपासणीच्या कागदावर सही कर." गणराज तिचा धाकटा भाऊ.

"ओल्या लाकडावर फायबर मारलंस तर आतल्या आत कुजेल ते! आठ माणसं जाणार आहेत त्यातून."

"कोरडं हाय सगळं. बाबा गेले, आता तू नको ठोकत बसू."

तो जेवायला गेला. कारागीरही गेले.

ती एकटी. हातात सहीचा कागद.

वारा पडला. कावळेसुद्धा गप्प झाले...

ठक. ठक. ठक.

होडीच्या आतून.

"कोण आहे वर?"

शिडी तर जमिनीवर आडवी पडली होती.

ठक. ठक. ठक. आवाज एकेक फळी पुढे सरकत होता. मग डाव्या कुशीत...

ठक. ठक.

तिसरा आलाच नाही.

दुसरी कुणी असती तर पळाली असती. क्रांती भडकली.

"आता बोलावताय मला? जिवंतपणी पाय लावू दिला नाहीत, आणि मेल्यावर कामाला लावताय? तुमच्या लाडक्याला सांगा की! त्याला ऐकू येत नाही होय?"



मग पुन्हा दोन. अगदी हळू. म्हातारं माणूस विनवतं तसे.

तिने शिडी लावली आणि चढली. पूजेआधी. चपलांसकट.

आत कुणी नव्हतं. भुशावर पावलं उमटली ती फक्त तिची.

खाली उतरून तिने ग्राइंडर लावला आणि डाव्या कुशीचा फायबर कापून काढला. खालचं लाकूड काळं, ओलंगच्च. बोट आत गेलं.

गणराज धावत आला. "काय केलंस हे, ताय!"

तिने मूठभर कुजका लगदा त्याच्या नाकासमोर धरला. "जेवलास ना? हे घे वर तोंडी लावायला!" आणि कागद टराटरा फाडला.

होडी राहिली. माणसं वाचली. गोष्ट इथे संपायला हवी होती...

आज सकाळी क्रांती कारखान्यातल्या एका रिकाम्या जागेपाशी उभी होती. काका गेल्यावर बांधलेली पहिली होडी तिथेच उभी राहिली होती. काशीदच्या कान्हा तांडेलला विकलेली. ती गणराजने एकट्याने बांधली, आणि क्रांतीने भावावर भरवसा ठेवून सही केली होती.

आता तिथे नुसती हवा.

त्या हवेतून आले...

ठक. ठक.

तिने कान देऊन वाट पाहिली. खूप वेळ.

मग कान्हाच्या घरी फोन लावला. त्याची बायको नलू म्हणाली, "ते तर काल, एक तारखेला पहाटेच गेले समुद्रावर. का गं? काय झालं?"

आता संध्याकाळ होत आलीय. कान्हाचा फोन लागत नाही. गणराज दुसरी होडी घेऊन शोधायला गेलाय. जाताना नुसता रडत होता.

क्रांती दुपारपासून धक्क्यावर बसलीय, उपाशी. मी डबा घेऊन निघालेय.