खिळ्यांचं कुरण

परक्या रानात उकिडवं बसून खड्डा खणणारा माणूस दिसला की इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातली कुठलीही शेतकरीण आधी ओरडते आणि मग विचारते. मीही ओरडले. पण या पठ्ठ्याच्या कानांवर हे एवढाले हेडफोन! मी अगदी पाठीशी जाऊन उभी राहिले तरी त्याला पत्ता नाही. शेवटी बुटाने त्याचं खुरपं दाबून धरलं, तेव्हा कुठे साहेबांनी मान वर केली.

"हे... हे मिस्टर पेन्गेलींचं रान ना?"

"त्यांचं कुंपणापलीकडे. हे आमचं. आणि न विचारता खणणाऱ्याला आम्ही चोर म्हणतो."

"मी चोर नाही. मी एम्रिस." तो गडबडून उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल, कानाच्या पाळ्या लालेलाल. "मी पियानो सुरात लावून देतो."

"इथे पियानो सापडायचा नाही."

त्याने मूठ उघडून माझ्यापुढे धरली. तळहातावर बिअरच्या कॅनची छोटी कडी होती. "एवढंच सापडलंय. तुमच्या रानातलं आहे, घ्या... यंत्र नवंच घेतलंय हो. सोनं आणि ही कडी, दोन्हींचा आवाज सारखाच येतो. त्यामुळे मी प्रत्येक वेळी आशेने खणतो."

मला हसू आवरेना. वाटलं, चांगलं झापावं, पण असं तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला झापणार तरी कसं? मग माझं लक्ष त्याच्या हातातल्या मेटल डिटेक्टरकडे गेलं आणि हसू तिथेच थांबलं.

"याला लोखंड कळतं?"

त्याला कळेना मी असं का विचारतेय. मग सांगितलं. नोव्हेंबरातली गावची मोठी शेकोटी याच कुरणात पेटली होती. माल ठेवायच्या खिळे ठोकलेल्या लाकडी पॅलेटचा डोंगर जळला आणि गवताला बरी म्हणून बाबांनी ती राख कुरणभर पसरली. राखेत खिळे होते. हिवाळा संपता संपता आमची मार्गो गाय दार ढकलून इथे शिरली, पोटभर चरली आणि हळूहळू खंगत गेली. खिळा पोटातून काळजात घुसला होता. ट्रॅक्टरमागे चुंबक ओढून झालं, पण त्याने वरवरचेच निघाले. बाबा त्या दिवसापासून गोठ्यात गप्प असतात. एकदाच बोलले, "ब्रायनी, आणखी एक गेली तर सगळ्या विकून टाकतो. माझ्याच्याने आता बघवत नाही."

मी त्या गाईंमध्येच वाढलेय. त्या गेल्या तर मी कोण, हे मला खरंच सांगता आलं नसतं. आणि गोठ्यातला चारा संपत आला होता.

"दंड म्हणून हे कुरण साफ करून द्यायचं," मी म्हटलं.

"मंजूर," तो म्हणाला. इतक्या पटकन, की मला संशयच आला.

तो रोज काम आटोपून यायला लागला. आपण नवशिके आहोत हे त्याने कधी लपवलं नाही. जे काल शिकला ते आज मला शिकवायचा.

"इस्त्री फिरवतेस ना, तसं फिरव. जमिनीलगत, सावकाश."

"मी इस्त्री करत नाही."

"ते दिसतंच आहे," तो माझ्या शर्टाकडे बघून म्हणाला, आणि स्वतःच घाबरला. "म्हणजे... छानच दिसतेस. चुरगळलेली."

त्याने हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. केस अडकले होते, ते त्याने दोन बोटांनी हळूच सोडवले... आणि बोटं थोडी जास्तच रेंगाळली. यंत्र गुरगुरलं.

"लोखंड," तो म्हणाला. "नाणं असलं की घंटी वाजते. आणि लोखंड हे असं, पोट बिघडल्यासारखं. दिवसभर पियानोचे सूर ऐकून संध्याकाळी हे ऐकायचं... मी कुणासाठीही करणार नाही."

"मग इथे का करतोस?"

"दंड आहे ना," तो म्हणाला, आणि खाली बसून भराभर खणायला लागला.

वाकडे, जळके, काळे खिळे निघत राहिले. बादलीत टण्णकन पडत राहिले. गवताची ढेप उचलायची, खिळा काढायचा, ढेप परत बसवून पायाने दाबायची. मागे खूण राहता कामा नये, यावर त्याचा फार कटाक्ष. मला तो आवडायला लागला होता, आणि हे मी डचेस नावाच्या गाईशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं.

ओढ्याकडची बाजू उरली त्या दिवशी बारीक पाऊस भुरभुरत होता. मी थर्मासमधून चहा आणला. चहा पिता पिता त्याने यंत्राची बॅटरी बदलली आणि आम्ही यंत्र फिरवत निघालो. यंत्र गप्प.

"काहीच नाही?"

"काहीच नाही. ऐक तर."

त्याने हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली, दुसरी स्वतःच्या. गालाला गाल लागेल इतके जवळ आम्ही चालत होतो, आणि कानात नुसती शांतता. इतकं सुंदर मी काही ऐकलं नव्हतं.

"ब्रायनी..."

"हं?"

"काही नाही... कुरण साफ झालं."

ओढ्याकडची सगळी बाजू आम्ही तशीच पालथी घातली. एकही खिळा निघाला नाही.

हिवाळाभर बांधलेल्या गाई पहिल्यांदा गवतावर सुटतात तेव्हा वासरांसारख्या उड्या मारतात. ते बघायला आमच्याकडे सारा गाव लोटतो. त्या सकाळीही कुंपणाशी गर्दी होती. केक, चहा, पेन्गेलींच्या कोपरखळ्या. कित्येक दिवसांनी बाबांनी दाढी केली होती. गाई हंबरत होत्या. मी फाटकाच्या कडीला हात घातला, आणि एम्रिसची गाडी धुरळा उडवत येऊन थांबली. तो यंत्र घेऊन धावतच आला आणि फाटकाला पाठ लावून उभा राहिला.

"उघडू नकोस. साफ नाहीये."

"काय?"

"बॅटरी बदलली की यंत्र मूळच्या सेटिंगवर जातं. त्यात लोखंडाचा आवाज बंद असतो. मला माहीतच नव्हतं... आत्ता घरी खिळ्यावरून सहज फिरवलं, तर गप्प. फोन लावला, पण तुमच्या गोठ्यात तो कधी लागलाय? चूक माझी आहे. ओढ्याकडची अख्खी बाजू तशीच आहे."

त्याने हेडफोनची वायर उपटली, सेटिंग बदललं आणि फाटकावरून आत उतरून ओढ्याकडच्या बाजूला चार पावलं गेला. यंत्र गुरगुरलं. आणखी दोन पावलं... पुन्हा. सगळ्यांनी ऐकलं. बाबांचा चेहरा उतरला.

"चालता हो इथून," मी म्हटलं. "माझ्या गाई मेल्या असत्या."

"हो," तो म्हणाला. एवढंच. सबब नाही, काही नाही. तिथेच गुडघ्यावर बसला आणि पहिला खिळा उपटायला लागला.

गर्दी पांगली. मी गाई परत गोठ्यात बांधल्या, डचेसच्या मानेत तोंड खुपसून भरपूर रडले. आणि रडता रडता डोक्यात आलं, हा गप्प बसला असता तर? उन्हाळ्यात एखादी गाय गेली असती आणि आम्ही नशिबाला दोष दिला असता. याचं नावही कुणी घेतलं नसतं. सगळ्या गावासमोर आणि माझ्यासमोर मान खाली घालायला हा स्वतःच्या पायांनी आला होता. असं माणूस आयुष्यात किती वेळा भेटतं?

मी बादली उचलली आणि कुरणात गेले.

"मी तुला चालता हो म्हटलं होतं."

"ऐकलं. हे संपलं की जातो."

"सरक तिकडे. यंत्र मी धरते, तू खण."

मग आम्ही दोघांनी ते रान उभं-आडवं दोनदा पिंजून काढलं. दर वेळी सुरुवातीला एक खिळा गवतावर टाकून यंत्र बोलतं का ते बघायचं, तेव्हाच पाऊल उचलायचं. शेवटच्या दिवशी बाबा स्वतः मागोमाग चालले. मग घरात गेले आणि एम्रिससाठीही जेवणाचं ताट मांडलं.

गाई सुटल्या तेव्हा बघायला कुणी नव्हतं, आम्ही तिघंच. डचेसने या वयात अशी काही उडी मारली की बाबा मोठ्याने हसले. मार्गो गेल्यापासून पहिल्यांदाच. मग ते गाईंमागे ओढ्याकडे चालत गेले.

एम्रिस यंत्र आवरायला लागला. "आता यायला काही कारण उरलं नाही."

"कारण लागतं?"

"मला लागतं... नाहीतर मी नुसताच उभा राहतो आणि तुझ्याकडे बघतो."

एवढं बोलून तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मी त्याचा मातीने भरलेला हात धरला.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," मी सरळ सांगून टाकलं. "पण आमच्याकडे पाचला धारा काढतात. पहाटेही आणि संध्याकाळीही. रोज. जमेल?"

दुसरा कुणी असता तर लगेच हो म्हणाला असता. एम्रिसने खरोखर विचार केला, माझा हात घट्ट धरून, कपाळाला आठ्या घालून.

"संध्याकाळचं नक्की," तो म्हणाला. "पहाटेचं... शिकेन."