निळ्या डब्यातलं घर

ड्रेस्डेनच्या श्ट्रीझेन भागात कागदाचा कचरा गुरुवारी नेतात. निळ्या झाकणाचे डबे आदल्या संध्याकाळी फाटकाबाहेर लावायचे, सकाळी गाडी येते. गौरांगला हे पंचांगासारखं पाठ होतं. पुण्यात केळ्याची साल खिडकीतून भिरकावणारा हा माणूस जर्मनीत येऊन कचऱ्याचा पुजारी झाला होता. चहाच्या पुडीचा चोथा एका डब्यात, तिची कागदी चिठ्ठी दुसऱ्या डब्यात. त्याची बायको विभावरी याला हसायची. २०१४च्या ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारनंतर हसली नाही.

मॉडेलपुढे ठेवायची नावाची पाटी छापून ती घरी आली तेव्हा तिचं कामाचं टेबल लख्ख पुसलेलं होतं. वर काहीच नव्हतं. गौरांग टेप लावून जमीन मोजत होता.

"माझं मॉडेल कुठंय?"

"अगं, परवा आई येतेय ना. पलंग लावायला जागा नको?"

"मॉडेल, गौरांग."

"ते पुठ्ठ्याचं? पापिअरटोनमध्ये, त्या निळ्या डब्यात टाकलं. नीट चपटं करून टाकलं हं, नाहीतर ती खालची फ्राऊ लिंडनर बोंबलते. एकेक मजला बूट घालून पायानं दाबला, काही वेळ नाही लागला."

ती जिने उतरत खाली धावली. डबे रिकामे होते. त्यांची झाकणं मागे लोंबत होती, म्हणजे गाडी येऊन गेली होती.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. विभावरीची गेली आणि तिथंच राहिली.

ते मॉडेल म्हणजे हीच इमारत होती. चार मजल्यांची, चौकोनी, १९१४ सालची. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी रहिवाशांनी तिचा शंभरावा वाढदिवस ठरवला होता आणि मॉडेल करायचं काम आपणहून विभावरीनं घेतलं होतं. हातात टेप घेऊन ती प्रत्येक घरात गेली होती. प्रत्येक भिंत कॉम्प्युटरवर उलगडून, चिकटवायच्या पट्ट्या काढून, जाड कागदावर छापली होती. घडीच्या रेघा शाई संपलेल्या बॉलपेननं दाबून ओढल्या होत्या, म्हणजे कागद न तुटता धारदार वळतो. गोंद टूथपिकनं लावला होता. प्रत्येक मजला वेगळा उचलून आत डोकावता येई. ती पुण्याची आर्किटेक्ट. इथे तिच्या पदवीच्या मान्यतेची फाईल कुठल्याशा टेबलावर वर्षानुवर्षं पडून होती. एका आर्किटेक्ट बाईंनी मात्र तिला सांगितलं होतं, "आधी मॉडेल बघते, मग तुमच्या नोकरीचं बोलू." त्या बाई रविवारी येणार होत्या.

"कॉम्प्युटरवर फाईल आहे ना तुझ्याकडे?" गौरांग म्हणाला. "परत प्रिंट काढ. त्यात काय एवढं?"

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? पण तिला सगळ्यात जास्त लागलं होतं ते वेगळंच. कागदाला पाय लागला तर हात लावून कपाळाला लावायचा, हे गौरांगच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. गेल्याच महिन्यात विजेचं बिल पायाखाली आलं तर त्यानं वाकून नमस्कार केला होता. विजेच्या बिलाला नमस्कार करणारा माणूस बायकोच्या वर्षभराच्या कामावर बूट घालून उभा राहिला!

"निदान नमस्कार तरी केलास?" तिनं विचारलं.

"कशाला? ते काय पुस्तक होतं?"

स्वयंपाकघरातल्या टेबलावरची भांडी तिनं उचलली आणि तिथं कापायची चटई अंथरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक रेघ दिसली. आडवी, कमरेच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तडा असता तर वेडावाकडा गेला असता. ही पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ होती आणि बोट फिरवलं तर किंचित खोल लागत होती. विभावरीनं अशा असंख्य रेघा ओढल्या होत्या. पण भिंतीच्या मधोमध ती कधी घडी घालत नसे. वरून दाबलं तरच तिथं घडी पडते.

"आल्टबाऊ आहे हा," गौरांग म्हणाला. "शंभर वर्षांचं प्लास्टर. हाउसमाइस्टरला, त्या देखभालवाल्याला, फोन करतो."

संध्याकाळपर्यंत रेघ चारी भिंतींवर फिरून आली होती. जेवायला उठताना टांगलेला दिवा गौरांगच्या केसांना लागला. इतकी वर्षं तो त्याच दिव्याखालून जात होता.

"तू वायर लांब केलीस का गं?"

"मी कशाला करू?" ती म्हणाली.

शनिवारी तिच्या सासूबाई, शोभनाबाई, आल्या. विमानतळावरून येताना त्यांनी लेकाची सगळी चौकशी केली. चपला काढताना त्यांनी मान वर केली.

"अगं विभा, घरात आवाज कसला येतोय? खोक्यात बसून बोलल्यासारखा?"

तो आवाज विभावरीनंही ऐकला होता. बोललेलं भिंतीवरून परत येत नव्हतं, भिंतीत शिरत होतं. चहा पिताना छतातून करकर ऐकू आली. कुणीतरी जड माणूस या पायावरून त्या पायावर भार टाकत असावा तशी.

"वरची मंडळी घरी आहेत वाटतं," आई म्हणाल्या.

"आई, वर कुणी नाही. आपला शेवटचा मजला. वर नुसतं छप्पर आहे."

आईंनी कप खाली ठेवला. मग त्यांना स्वयंपाकघरातलं टेबल दिसलं, त्यावरचे कागद दिसले आणि थोड्या वेळात सगळी हकीकत कळली. विभावरीला वाटलं होतं, आता लेकाची बाजू घेतील. त्यांनी घेतली नाही.

"पायानं?" त्या म्हणाल्या. "बूट घालून? गौरांग, कागदावर? हे शिकवलं का रे मी तुला?"

"आई, पुठ्ठा होता तो. रिसायकलिंग."

"तिच्या हातचा होता. आत्ताच्या आत्ता तिच्यासमोर नमस्कार कर."

गौरांग हसला आणि दुसऱ्या खोलीत गेला. जाताना त्यानं दाराच्या चौकटीखाली मान वाकवली. आपण वाकलो हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

विभावरी कामाला लागली. आई कांदा चिरत शेजारी बसायच्या, कापलेले तुकडे गोळा करायच्या. तळमजला आधी उभा राहिला. त्या दुपारी जिन्यात तळमजल्यावरची फ्राऊ लिंडनर भेटली. एरवी तक्रारीशिवाय तिच्या तोंडून शब्द निघत नसे.

"माझ्या स्वयंपाकघराचं दार गेले काही दिवस वर अडकत होतं," ती म्हणाली. "सुतार बोलवणार होते. तर आज आपोआप लागलं. जुनी घरं, काय सांगावं!"

मोजमाप पुन्हा तपासायचं निमित्त करून विभावरी तिच्या घरात शिरली. भिंती सपाट होत्या. रेघेचा मागमूस नव्हता.

विभावरी काही भोळीभाबडी बाई नव्हती. तिनं पहिला मजला चिकटवला आणि टेप घेऊन तिथं जाऊन आली. मग दुसरा केला. दोन्ही घरांतल्या लोकांनी तिला हेच सांगितलं की मधे दिवे खाली आल्यासारखे वाटत होते, आता ठीक आहे. ती परत आली, खुर्चीवर बसली आणि उरलेल्या कागदांकडे बघत राहिली. ते तिच्या स्वतःच्या मजल्याचे होते.

ते तिनं चटईखाली सरकवले.

होय, मुद्दाम. राग माणसाला काय काय सुचवतो. राहू दे त्याला वाकून, असं तिच्या मनात आलं आणि ते तिला गोड वाटलं. गौरांग आता घरभर मान खाली घालून फिरत होता. बाहेरून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, काय नम्र माणूस आहे! छतातली करकर दिवसाही थांबत नव्हती. कपाटाची दारं निघेनात. रेघ इतकी खोल गेली होती की तिच्यात नाणं उभं राहिलं असतं.

इमारतीच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ती त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. गौरांग बनियनवर आरशासमोर उभा होता, कमरेत वाकलेला. त्याच्या बनियनवर पाठीच्या खालच्या बाजूला एक आडवी रेघ होती. सुरकुती असेल म्हणून तिनं बनियन वर केलं.

रेघ बनियनवर नव्हती.

"काय गं?"

"दुखतंय का इथं?"

"छे. नुसतं दमल्यासारखं वाटतंय. सारखं आडवं व्हावंसं वाटतं."

त्याचा आवाज पातळ झाला होता. आठवडाभरात पहिल्यांदा विभावरीच्या रागात भीती मिसळली, पण राग काही तिनं सोडला नाही.

"गौरांग, माझं ऐक. टेबलावर कागद आहेत. त्यांना हात लाव आणि एकदा नमस्कार कर. सॉरी म्हणू नकोस हवं तर. एवढंच कर."

"तुम्ही दोघी मिळून मला वेड्यात काढताय का?" तो ओरडला. "कागदापुढे नाक घासू? घर माझ्या पगारावर चालतं, त्या कात्रणांवर नाही!"

शेजारच्या खोलीत आई दाराखालून वाकून जात होत्या. त्यांचे गुडघे आधीच दुखत. त्यांचं काय चुकलं होतं? विभावरीनं चटईखालचे कागद काढले आणि रागानं दात आवळून, पण एकही रेघ न चुकवता, शेवटचा मजला उभा केला. शेवटची पट्टी चिकटली तेव्हा छतातली करकर मधेच तुटल्यासारखी थांबली. दिवा वर गेलेला तिनं डोळ्यांनी पाहिला नाही. पण मान वर केली तेव्हा तो वर होता.

आई कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. "सुटले गं बाई," त्या म्हणाल्या.

गौरांग बेडरूममधून आला तो वाकलेलाच. पाणी पिऊन पुन्हा आडवा झाला.

रविवारी चर्चशेजारच्या सभागृहात मॉडेल मांडलं. पाटीवर विभावरीचं नाव होतं. लोकांनी आपापला मजला उचलून आपलं स्वयंपाकघर शोधलं. फ्राऊ लिंडनर तर हरखून गेली. आर्किटेक्ट बाई बऱ्याच उशिरा आल्या. त्यांनी चष्मा काढला, एकेक मजला हातात घेतला, कडा बघितल्या.

"गेनाऊ, अगदी बिनचूक," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग विभावरीकडे वळल्या. "पुढच्या सोमवारी या. ऑफिसात टेबल देते तुम्हाला."

ज्या शब्दांसाठी तिनं इतकी वर्षं वाट बघितली ते शब्द असे साधे निघाले. विभावरीच्या डोळ्यांत पाणी आलं. गौरांग आला नव्हता. बरं वाटत नाही म्हणून आई त्याच्यापाशी थांबल्या होत्या.

"एकच विचारते," बाई म्हणाल्या. "आत माणसं नाहीत?"

"नाही. मी फक्त घर करते. माणसं करत नाही."

बोलून झाल्यावर ते तिचं तिलाच ऐकू आलं.

तिनं कोट घेतला. कुणीतरी केक पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

जिना स्वच्छ होता. भिंती सरळ होत्या.

घरात तिच्या पावलांचा आवाज भिंतींवरून नीट परत आला.

आई बेडरूमच्या दारात स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

पलंगावर रजई पसरलेली होती. तिच्या चार कोपऱ्यांवर चार वस्तू होत्या. पाण्यानं भरलेला तांब्या, इस्त्री, तुरडाळीचा डबा आणि जाडजूड जर्मन शब्दकोश. उशीवर गौरांगचे केस दिसत होते. रजई कुठेच उंच नव्हती.

"आत्ताच डोळा लागलाय," आई कुजबुजल्या. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते. "मघाशी दोनदा उडून खाली आला गं. खिडकी तेवढी लाव. मला जमत नाही इथली. बाहेर वारा सुटलाय."

खिडकी वरून कलती उघडी होती. इथल्या खिडक्यांची तऱ्हा अशी की कलती खिडकी लावायची तर मूठ आधी आडवी करावी लागते आणि त्या वेळेला खिडकी पूर्ण मोकळी असते. ती दाबून धरायची आणि मूठ खाली फिरवायची.

विभावरी पलंगाला वळसा घालून गेली. राग अजून होता तिथंच होता.

"लागली का गं?" आईंनी विचारलं.

तिनं मूठ आडवी केली, खिडकी मोकळी झाली आणि विभावरी तिथंच थांबली.