फुकटचं कॅलेंडर

“कॅलेंडर मिळेल का?” दीपानं दुकानाच्या दारातूनच विचारलं.

दुकानात माणूस दिसत नव्हता. दिसत होते ते टेबलाखालून बाहेर आलेले दोन पाय, आणि त्यातल्या एका पायातून निसटलेली चप्पल.

“भिंतीवरचं कॅलेंडर शेजारी, स्टेशनरीच्या दुकानात,” टेबलाखालून आवाज आला. “आपल्याकडं न्हाई.”

“मला कॉम्प्युटरमधलं हवंय.”

धाडकन आवाज झाला. टेबल हललं, वरचा स्क्रू ड्रायव्हर घरंगळला आणि डोकं चोळत एक तरुण बाहेर आला. केसांत जळमट, हातात वायर. दीपाकडं पाहून तो डोकं चोळायचाच थांबला. “कॉम्प्युटरमधलं...? मग बसा ना. खुर्ची पुसतो.”

साल अठ्ठ्याण्णव. नगरच्या सावेडीत डॉक्टर फिलोमिना उजागरे यांचा दातांचा दवाखाना होता आणि तिथं दाराशी बसून पेशंटची नावं पुकारायचं काम दीपा भिंगारदिवे करायची. बी.कॉम. फर्स्ट क्लास, वर कॉम्प्युटरचा कोर्स, आणि दिवसभर काम काय, तर “गहिनीनाथ, या आत!” पण डॉक्टरांच्या पुण्याच्या भावानं नवा कॉम्प्युटर घेतला नि जुना नगरला पाठवून दिला, तेव्हा दीपाच्या मनानं उचल खाल्ली. ती डॉक्टरांना म्हणाली, “कोणता पेशंट कधी येणार, ते हे मशीन रोज सकाळी सांगेल. जबाबदारी माझी.” डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. “सांगितलं तर दवाखान्याचा सगळा कारभार तुझ्याकडे, दाराशी दुसरं कुणी बसवू. नाही सांगितलं, तर नाताळला भाऊ येईल तेव्हा हा डबा परत जाईल. आणि तू दाराशी.” वर एक पैसाही खर्च करायला त्या तयार नव्हत्या.

म्हणून प्रोफेसर कॉलनी चौकातल्या या जिन्याखालच्या दुकानात दीपा येऊन बसली होती. दुकानदाराचं नाव सम्राट पगारे. राहणार बेलापूरचा, नगरला खोली करून राहिलेला. शिक्षण शहरातलं झालं, पण बोली काही त्यानं बदलली नव्हती.

“आठवण करून देणारं कॅलेंडर पाहिजे,” दीपा म्हणाली. “चांगलं. आणि... फार महाग नको.”

“फुकट हाय की!”

झालं. दीपा उठूनच उभी राहिली. भिंगारदिव्यांच्या घरात हा शब्द चालत नसे. आजोबा रंभाजींनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरी परतताच गावकीचं मागून आणलेलं शेवटचं टोपलं पालथं घातलं. तेव्हापासून घरात कुणी फुकटचा चहासुद्धा घेतला नव्हता, आणि याचा दीपाला शाळेतल्या बक्षिसांपेक्षा जास्त अभिमान होता.

“मी फुकट काही घेत नाही.”

“अहो मॅडम, मी कुठं दान करतोय?” सम्राट घाईघाईनं म्हणाला. “कॉम्प्युटरच्या मासिकासंगं सीडी येती, तिच्यात हाय. फिनलंडमधल्या एका शाळामास्तरानं लिहिलाय हा प्रोग्राम. मी दहा-बारा बघितले, हाच खरा. तारीख टाकली की त्या सकाळी आपोआप आठवण देतो. मास्तर म्हणतो, पैसे नकोत. आवडला तर तुमच्या गावाचं चित्र असलेलं एक पोस्टकार्ड पाठवा.”

“म्हणजे किंमत आहे की त्याला! तुम्ही पाठवलंत पोस्टकार्ड?”

“मी?” सम्राट गडबडला. “बेलापूरचं काय चित्र पाठवू? ऊस?”

“ऊस तर ऊस. आपल्या गावाची लाज वाटते का?”

सम्राट खाली पाहून हसला. आजवर त्याच्या दुकानात येऊन भांडलेली गिऱ्हाईकं पुष्कळ होती, पण भांडण संपू नये असं त्याला पहिल्यांदाच वाटत होतं.

“आधी पोस्टकार्ड,” दीपानं ठणकावलं, “मग प्रोग्राम.”

पण नगरात नगरचं चित्र मिळेल तर शपथ! कापडबाजारापासून दिल्ली दरवाज्यापर्यंत दोघांनी दुकानं पालथी घातली. काश्मीर मिळालं, गुलाब मिळाले, टोपलीत बसलेली मांजरं मिळाली. दीपा फणफणली, “एवढं मोठं आमचं शहर, आणि दुकानात स्वित्झर्लंडचे डोंगर!”

“मग आपणच काढू,” सम्राट म्हणाला. “दोस्ताकडं कॅमेरा हाय. रविवारी... तुमी येणार असाल तर.”

“किंमत मी चुकवायची आहे. मी नाही तर कोण येणार?”

रविवारी चांदबिबीच्या महालाकडं दीपाची लुना निघाली. पुढं दीपा, मागं कॅमेरा छातीशी धरून सम्राट. चढ लागला तशी लुना धापा टाकायला लागली आणि सम्राटला उतरून ढकलावं लागलं.

“ओझं जास्त झालं,” दीपा मागं न पाहता म्हणाली.

“मी उतरलो तरी चढंना. म्हंजे ओझं कुणाचं, ते तुमीच ठरवा.”

दीपानं ओठ मिटून हसू दाबलं, पण आरशात ते त्याला दिसायचं ते दिसलंच.

वर वारा भन्नाट होता. आदल्या दिवशी परतीच्या पावसाची सर येऊन गेली होती, गवत ओलं होतं, आणि खाली अख्खं नगर धुऊन मांडून ठेवलेलं. दीपा बोटानं दाखवत सुटली... तो किल्ला, तो कॅम्प, ती सावेडी, तिकडं आमचं घर! सम्राटनं बोटाच्या दिशेनं पाहायला हवं होतं. तो बोटाच्या मालकिणीकडं पाहत होता.

“महाल घ्या. मी नको त्यात. चित्र नगरचं पाहिजे.”

“व्हय, व्हय... नगरचंच घेतोय.”

फोटो धुऊन आला, तेव्हा महाल तर ऐटीत उभा होता, पण कोपऱ्यात वाऱ्यावर उडालेलं निळ्या ओढणीचं टोक होतं.

“हे काय?”

“वारा हुता,” सम्राट म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

फोटोच्या पाठीवर दीपानं इंग्रजीत लिहिलं, ‘हे आमचं शहर आहे. तुमच्या प्रोग्रामची ही किंमत.’ तिकीट तिनं स्वतःच्या पैशांनी लावलं, फोटो फिनलंडला रवाना केला आणि मगच प्रोग्रामची फ्लॉपी घेतली.

एका सोमवारी कामाला सुरुवात झाली. प्रोग्राम खरोखरच गुणी निघाला. डॉक्टर पेशंटच्या कार्डावर लिहायच्या, ‘आठ दिवसांनी’, ‘पंधरा दिवसांनी’. संध्याकाळी दीपा कार्डं घेऊन बसायची, नाव घालायची आणि ‘किती दिवसांनी’ या चौकटीत आकडा. आठ म्हटलं की आठ. पंधरा म्हटलं की पंधरा. पुढची तारीख प्रोग्राम आपली आपण लावायचा. सम्राट रोज ‘मशीन बघायला’ म्हणून येई, आणि मशीन सोडून बाकी सगळं बघून जाई.

पुढच्या सोमवारी सकाळी प्रोग्रामनं सांगितलं, आज कुणी नाही. दीपानं ताठ मानेनं ते डॉक्टरांना कळवलं. डॉक्टरांनी लगेच, न कळवता आलेल्या आबासाहेबांना खुर्चीत घेतलं. त्यांची अक्कलदाढ आडवी होती आणि तिला निवांत वेळ लागणार होता.

आणि दाढ अर्धी निघाली असेल-नसेल, तेवढ्यात दवाखाना भरायला लागला. बाकं भरली, पायऱ्या भरल्या. लंकाबाई म्हणाल्या, “डाक्टरीनबाईंनीच बोलावलंय.” बनुबाई गालाला हात लावून तेच म्हणाल्या. आतून आबासाहेब कण्हत होते, बाहेरून सगळे ओरडत होते, आणि पडद्यावर शांतपणे लिहिलेलं होतं — आज कुणी नाही.

दीपानं सम्राटला फोन लावला. तो धावतच आला, त्यानं पडदा पाहिला, दीपाचा उतरलेला चेहरा पाहिला आणि हातमोजे घालून रागानं बाहेर आलेल्या डॉक्टरांसमोर जाऊन उभा राहिला.

“चूक माझी हाय, डॉक्टर. प्रोग्रामच खराब दिलाय मी. ह्यांचा काय दोष न्हाई.”

“वाटलंच होतं,” डॉक्टर म्हणाल्या. “आजच बांधून ठेवा तो डबा.”

दीपा सुटली होती. नुसतं गप्प राहायचं होतं. पण तिची बोटं कळफलकावर गेली, तिनं मंगळवारचं पान उघडलं... आणि लंकाबाई, बनुबाई, सगळेच्या सगळे तिथं रांगेत बसलेले! तिला एकदम उमगलं. डॉक्टरांनी सोमवारी ‘आठ दिवसांनी’ म्हटलं, की मराठी माणूस पुढच्या सोमवारीच येणार. बोलताना आपण आठ म्हणतो. आकडेमोड केली तर ते सातच भरतात. पंधराचे चौदा. फिनलंडच्या मास्तराला हे कुठून ठाऊक असणार? ते ठाऊक असायला हवं होतं दीपाला. कपाळावर हात मारून घ्यावा असं तिला वाटलं, पण ती उठून उभी राहिली.

“डॉक्टर, प्रोग्राम चांगला आहे. हे खोटं बोलताहेत.” तिनं पडद्यावरच्या रांगेकडं बोट केलं. “चूक माझी आहे. तुम्ही आठ लिहिलं, मी आठ घातलं. घालायचे होते सात. आत्ता दुरुस्त करते. आणि उद्यापासून चुकलं, तर डबा मीच उचलून पुण्याला पोचवेन.”

डॉक्टरांनी स्वतःशीच बोटांवर मोजलं... आणि हसायला लागल्या. “अगं, पंचवीस वर्षं मी लोकांना चुकीचंच सांगतेय की! कर दुरुस्त. आणि ती दाराशी ठेवलेली तुझी खुर्ची आत आण.”

पायरीवर दीपानं सम्राटला गाठलं. तिचे डोळे भरले होते आणि आवाज चढला होता. “खोटं का बोललात?”

“तुमची मान खाली जाऊ नये म्हनून...”

“माझी मान मी सांभाळते! तुम्हाला काय वाटलं, दुसऱ्याच्या माथी मारून मी ताठ चालेन? एवढंच ओळखलंत मला?”

“चुकलं,” एवढंच म्हणून सम्राट गेला, आणि नंतर मशीन बघायला आलाच नाही.

कारभार हातात आला. प्रोग्राम बिनचूक चालला. दवाखान्यातले लोक आता तिला ‘दीपाताई’ म्हणून विचारायला लागले. पण संध्याकाळी दार वाजलं की दीपाची मान वळायची, आणि दारात भलताच कुणी दाढदुख्या उभा असायचा. रागावणं सोपं होतं. तो माणूस आपल्यासाठी भर दवाखान्यात स्वतःचं नाव खराब करून घ्यायला निघाला होता, हे विसरणं जमेना. शेवटी तिला स्वतःलाच कबूल करावं लागलं — राग केव्हाच संपला होता. उरलं होतं ते दुसरंच काहीतरी.

शनिवारी दुपारी ती दुकानात शिरली. सम्राट एका उघड्या कॉम्प्युटरवर वाकला होता. तिला पाहून तो उभा राहिला आणि पुन्हा गडबडला.

“मॅडम... प्रोग्राम बंद पडला का?”

“नाही. आणि मॅडम म्हणू नका.” दीपानं एक श्वास घेतला. “मला तुम्ही आवडता. मी पुष्कळ विचार केला, आणि... आवडता. सांगायला मला लाज वाटत नाही.”

सम्राटच्या हातातला स्क्रू टण्‌कन आत कुठंतरी पडला. तो शोधायचं त्याला भान राहिलं नाही.

“मला तर... पहिल्या दिवसापासून...” तो अडखळला. “पन तुमी सावेडीतल्या चांगल्या घरच्या, माझं हे जिन्याखालचं दुकान. तुमच्या घरी काय म्हनतील? मी कुन्या तोंडानं—”

“घरी सांगून आलेय.”

“काय?”

“सकाळीच सांगितलं पप्पांना. त्यांनी विचारलं, ‘खोटं बोलणारा पोरगा?’ मी म्हटलं, आयुष्यात एकदाच बोलला असेल, आणि तेही इतकं वाईट की मला लगेच कळलं.”

“मग?”

“मग काय, हसले. म्हणाले, घेऊन ये त्याला, चहा ठेवायला सांगतो. चला, शटर ओढा.”

भर दुपारी सम्राटच्या दुकानाचं शटर खाली आलं. शेजारचा स्टेशनरीवाला दारात येऊन बघायला लागला. सम्राट मान खाली घालून, दोन पावलं मागं राहून चालायला लागला. चौकात दीपा थांबली. तिनं मागं वळून पाहिलं, आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“मागं नको राहूस, सम्राट. माझ्या शेजारनं चाल.”